जुनी जखम आणि नवा पाळणा
(मासिक बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



बचत, कर्ज, हप्ता यांवर आपण बैठकीत मोकळेपणानं बोलतो. पण एक विषय सगळ्या उठल्यावर, चपला घालताना हळूच निघतो : "ताई, दोन वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत." त्यात जिचं पहिलं लग्न मारहाणीमुळे मोडलं, तिचं दुखणं दुहेरी असतं. आजचा पाठ तिच्यासाठी आणि तिच्याशेजारी बसणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

समजा, निफाडकडची एक सखी आहे. पहिल्या घरी मारझोड झाली, रात्री जबरदस्ती झाली. ती माहेरी परत आली, काडीमोड झाला, पुढे दुसरं लग्न झालं. हा नवरा समजूतदार आहे. तरी त्यानं अचानक हात लावला की तिचं अंग आखडतं, छाती धडधडते. दर महिन्याला पाळी आली की रडू येतं. सासूबाई विचारतात, "गोड बातमी कधी?" तिला वाटतं, आपल्यातच खोट आहे.

१. ही खोट नाही, जखम आहे

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या सुमारे 29 टक्के बायांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे दहा जणींच्या गटात दोघी-तिघी. मारहाण थांबली तरी शरीराला धोक्याची सवय राहते. झोप न लागणं, दचकणं, संबंधाच्या वेळी योनीचे स्नायू आवळले जाणं आणि दुखणं ही त्या जखमेची लक्षणं असू शकतात. यावर उपचार आहेत.

फार ताण असेल तर पाळी मागेपुढे होऊ शकते. पण "तू टेन्शन घेतेस म्हणून मूल होत नाही" असं कुणी म्हणू नये. ज्या बाईनं सोसलं, तिच्यावरच पुन्हा दोष टाकल्यासारखं होतं ते.

२. दिवस मोजा, पण मनाविरुद्ध नको

पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी बीज सुटतं. तो दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस गर्भ राहण्याची शक्यता जास्त असते. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मात्र दिवस मोजता मोजता संबंध म्हणजे ड्युटी वाटायला लागली, जुनी भीती वर आली, तर एखादा महिना सोडून द्या. त्यानं काही बिघडत नाही.

नवऱ्याशी बोलायचं ते रात्री नाही, दिवसा बोला. चहा पिताना, बागेत काम करताना सांगा : "मला आधी विचारत जा. मी थांब म्हटलं की थांबायचं." जुनी सगळी हकिगत सांगायलाच हवी असं नाही. काय नको, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

३. तपासणी दोघांची

वय 35 च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा. पाळी अनियमित असेल किंवा दुखण्यामुळे संबंधच होत नसेल, तर एवढं थांबू नका.

पुरुषाची वीर्य तपासणी सोपी असते, त्यात दुखत नाही. ती सुरुवातीलाच करून घ्या. तंबाखू आणि दारूचा पुरुषबीजावरही परिणाम होतो. बाईनं दिवस राहण्याच्या आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा.

आतून तपासणीची भीती वाटत असेल तर आधीच सांगा : "मला पूर्वी त्रास झालाय, हळू करा." बाई डॉक्टर मागा, सोबत एखादी सखी न्या. "थांबा" म्हणायचा हक्क तिथंही आहे. सप्तशृंगीला नवस जरूर बोला, पण तपासणीची तारीख चुकवू नका.

४. मारहाण अजून चालू असेल तर

"मूल झालं की सुधारेल" यावर विसंबू नका. गरोदरपणातही मारहाण होते. आधी आपला जीव सुरक्षित हवा. तोवर दिवस राहू न देणं हाही आपलाच निर्णय. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आपल्या बाजूनं आहे. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, सल्ला आणि कायद्याची मदत मिळते. मन फार खचलं असेल तर टेली-मानस, 14416. फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

५. गटानं काय करायचं?

"काही आहे का?" असं पोटाकडे बघून विचारू नका. "वांझ" हा शब्द बैठकीतून हद्दपार करा. हळदीकुंकवाला, ओटी भरायला मूल नसलेल्या सखीलाही पुढे बोलवा. रीत बदलता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपला ठराव तर बैठकीच्या वहीत एका ओळीत बसेल.

कुणी मन मोकळं केलं तर ते गटाबाहेर जाऊ देऊ नका. बचतीचा पैसा जपतो तसा शब्दही जपायचा.

आणि त्या सखीला सांगा : मूल व्हावं ही तुझी इच्छा खरी आहे आणि भीतीही खरी आहे. दोन्ही एकत्र असू शकतात. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबायलाच हवं असं नाही, आणि बरी झालीस हे दाखवायला मूल व्हायला हवं असंही नाही.

चर्चेसाठी
१. आपल्या गावात मूल नसलेल्या सखीला कुठल्या कार्यक्रमात मागे ठेवतात?
२. दवाखान्यात तिच्यासोबत कोण जाईल?
३. 181 आणि 14416 हे नंबर प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आहेत का? आत्ताच सेव्ह करा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, नाशिक