भिंतीवरची काचेची पट्टी

प्रश्न : आमची चाळ गिरगावात. भुयारी मेट्रोचं काम चालू असताना काही माणसं आली आणि जिन्यालगतच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून, तारीख घालून गेली. ती अजून आहे. आता शेजारी टॉवरसाठी तळघरं खणणार आहेत. एवढ्याशा काचेने चाळ थोडीच वाचणार?
— एक वाचक

उत्तर : नाहीच वाचणार. काच चाळीला धरून ठेवत नाही, नुसती चुगली करते. काच ताणली जात नाही, त्यामुळे भेग केसभर रुंदावली तरी ती तडकते. पण किती रुंदावली, ते तिला सांगता येत नाही. म्हणून हल्ली एकमेकींवर सरकणाऱ्या, मिलिमीटरच्या रेघा आखलेल्या दोन पारदर्शक पट्ट्या बसवतात.

खड्डा खणला की बाजूच्या मातीचा आधार जातो. आधाराची भिंत कितीही जाड बांधा, ती थोडी आत झुकतेच आणि तिच्यामागची जमीन खचते. शिवाय खड्डा कोरडा ठेवायला पंप लावले, की भोवतालच्या भूजलाची पातळी उतरते आणि चिकणमाती दबते. मुंबईच्या पोटात काळा पाषाण आहे खरा, पण त्यावर बऱ्याच ठिकाणी भराव आणि खाडीचा गाळ! सगळी चाळ सारखीच खाली गेली तर फारसं बिघडत नाही. एकच कोपरा खचला की भिंती चिरतात. म्हणून इमारतींवर चिमुकले प्रिझम लावून टोटल स्टेशन या मोजणीच्या दुर्बिणीने त्यांची जागा पुन्हा पुन्हा मोजतात, जमिनीत नळी गाडून तिचा कल पाहतात.

लंडनमध्ये बिग बेनच्या मनोऱ्याजवळ वेस्टमिन्स्टर स्थानकासाठी सुमारे 40 मीटर खोल खणलं, तेव्हा मनोऱ्याखालच्या मातीत आधीच नळ्या घालून ठेवल्या होत्या. मनोरा कलू लागला, की त्यांतून सिमेंटचा पातळ रबडा दाबाने सोडायचा. उलट सिंगापूरच्या निकोल हायवेवर, 20 एप्रिल 2004 रोजी, मेट्रोचा खड्डा कोसळून 4 जण गेले. तिथेही उपकरणं होती आणि ती ओरडत होती. आकडे मर्यादेबाहेर गेल्यावर मर्यादाच वाढवून घेतली होती.

तेव्हा शेजाऱ्यांचं यंत्र येण्याआधीच चाळीच्या भेगांचे फोटो काढा, प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, आणि कोणत्या आकड्याला काम थांबवणार हे बिल्डरकडून लेखी घ्या. पावसाळ्यात भेगा आपसूकही थोड्या हलतात. जुनी नोंद नसेल तर तो बिल्डर हेच कारण पुढे करील.