नवशिक्यानें कोणता मायक्रोकंट्रोलर घ्यावा?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपेंत सामावलेला लहानसा संगणक होय. जमिनीची ओल पाहून पाणी सोडण्याच्या कामीं तो उपयोगी असल्यानें शेतकरी बंधूंची मुलें तो शिकूं इच्छितात. त्यांनीं प्रथम ‘आर्डुइनो उनो आर-३’ हा बोर्ड घ्यावा, असें आमचें मत आहे. आर्डुइनोचा आरंभ २००५ सालीं इटलींतील इव्रेया येथें विद्यार्थ्यांसाठींच झाला. त्याचें सॉफ्टवेअर विनामूल्य असून त्यांतच नमुन्याचे धडे असतात. प्रथम दिवा लुकलुकविणें, मग बटण, नंतर ओल मोजणें, हा क्रम ठेवावा. ओलमापक कपॅसिटिव्ह जातीचा घ्यावा. उघड्या धातूचे दांडे मातींत लवकर गंजतात. बोर्डाच्या एका पिनेतून सुमारे २० मिलिअँपियरच प्रवाह घ्यावयाचा असतो. म्हणून पंप त्यास थेट जोडूं नये. ती जोडणी रिले व स्टार्टर यांच्या द्वारें जाणत्या वायरमनकडूनच करवावी. येथें घाई केल्यास बोर्ड तर जळतोच, प्रसंगीं जीवहि जातो.