होइस्टला वायरलेस रिमोट : बटण सोडलं की थांबलंच पाहिजे



आपल्या धाराशिव जिल्ह्यात विहीर खोदताना काठावर जे यंत्र उभं असतं त्याला सगळे 'यारी' म्हणतात. वर मुरूम आणि खाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुरुंग लावून फोडलेला दगड लोखंडी बकेटमध्ये भरायचा आणि यारीने वर ओढायचा. खाली माणसं काम करत असतात. यारी चालवणाऱ्याला जागेवरून तळ नीट दिसत नाही, म्हणून काठावरचा दुसरा माणूस ओरडून किंवा हाताने इशारा करतो. इंजिनच्या आवाजात एक इशारा चुकला तर काय होईल, हे सांगायला नको.

मग चालवणाऱ्यालाच तळ दिसेल तिथे उभं केलं तर? डिझेल इंजिनच्या यारीत हे अवघड आहे, कारण क्लच आणि ब्रेक हातापायाने चालतात. इलेक्ट्रिक होइस्ट असेल तर मात्र वायरलेस रिमोट बसवता येतो. तो कसा, ते पाहू. (कॉन्टॅक्टर, रिले हे शब्द तसेच ठेवले आहेत. वर्कशॉपमध्ये कुणी दुसरं काही म्हणत नाही.)

१) आधी होइस्ट समजून घेऊ

थ्री-फेज मोटर, गिअरबॉक्स, वायर रोपचा ड्रम आणि ब्रेक असे मुख्य भाग. ब्रेक स्प्रिंगने लागलेलाच असतो. कॉइलला सप्लाय मिळाला तरच तो सुटतो, म्हणजे लाईट गेली की लोड जागेवर थांबतो. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे ही गोष्ट फार मोलाची आहे.

वर आणि खाली यासाठी दोन कॉन्टॅक्टर असतात. दुसरा कॉन्टॅक्टर दोन फेजची अदलाबदल करतो आणि मोटर उलटी फिरते. दोन्ही एकदम ओढले गेले तर शॉर्ट सर्किट होईल, म्हणून त्यांच्यात इंटरलॉक असतो. केबलला लटकणारा बटणांचा डबा, म्हणजे पेंडंट, फक्त या कॉन्टॅक्टरच्या कॉइल चालू-बंद करतो.

२) रिमोट कुठे जोडायचा?

रिसीव्हरमधले 'वर' आणि 'खाली' रिले पेंडंटच्या त्याच बटणांचं काम करतात. मोटरचा करंट रिसीव्हरमधून कधीच न्यायचा नाही. मध्ये सिलेक्टर स्विच ठेवायचा, म्हणजे एका वेळी पेंडंट किंवा रिमोट यापैकी एकच चालेल. लिमिट स्विच, इंटरलॉक आणि इमर्जन्सी स्टॉप यांना बायपास करायचं नाही. रिमोटचा स्टॉप रिले मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये येतो. अँटेना लोखंडी पॅनेलच्या बाहेर काढावा, नाहीतर रेंज कमी होते.

३) खरी मेख

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट दाखवली होती. म्हणजे दुरून आज्ञा देणं हे नवीन नाही. अवघड प्रश्न वेगळाच आहे : आज्ञा पोहोचलीच नाही तर काय?

शेतातल्या पंपाला मोबाईलवरचा ऑटो स्टार्टर आपण पाहिलेला आहे. एकदा सांगितलं की पंप चालूच राहतो, आणि पंपासाठी ते बरोबर आहे. बाजारात मिळणारे स्वस्त रिमोटही पुष्कळदा असेच असतात : एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. होइस्टला हे चालणार नाही. समजा 'खाली' दाबलं आणि बॅटरी संपली, तर बंद कोण करणार?

म्हणून होइस्टच्या रिमोटमध्ये बटण दाबलेलं असेपर्यंत ट्रान्समीटर सतत संदेश पाठवत राहतो. बटण सोडलं किंवा संदेश तुटला की रिसीव्हर स्वतःच रिले सोडतो. हिशोब करून बघा. होइस्टचा वेग मिनिटाला ८ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ सेंमी. रिसीव्हरने अर्ध्या सेकंदात रिले सोडला तर तेवढ्या वेळात लोड ७ सेंमीच्या आत सरकतो. १० सेकंद तसाच चालू राहिला तर १.३ मीटर! खाली वाकून दगड भरणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे.

४) फ्रिक्वेन्सी आणि कोड

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाले. सेट मान्यताप्राप्त आहे ना ते मात्र पाहावं. प्रत्येक सेटचा स्वतःचा कोड असायलाच हवा, नाहीतर शेजारच्या रिमोटने आपला होइस्ट हलेल.

५) टेस्ट

आधी लोड न लावता, मग हलका लोड जमिनीपासून थोडाच वर उचलून :
- चालू असताना ट्रान्समीटरची बॅटरी काढा.
- रिमोट घेऊन रेंजच्या बाहेर चालत जा.
- 'वर' आणि 'खाली' एकदम दाबा.
- बटण दाबून ठेवूनच रिमोट ऑन करा.

पहिल्या दोनमध्ये होइस्ट थांबला पाहिजे, शेवटच्या दोनमध्ये हलताच कामा नये. एकही टेस्ट फेल झाली तर तो रिमोट वापरायचा नाही.

६) रिमोट कोणाच्या हातात?

पेंडंटची केबल माणसाला एका जागी बांधून ठेवते. रिमोट आला की तो कुठेही फिरू शकतो, लोडच्या खालीसुद्धा! म्हणून एक रिमोट, एक माणूस, आणि तो तळ दिसेल अशा काठावर. तळातल्या माणसाकडे रिमोट देऊ नये, कारण बकेट त्याच्याच डोक्यावर असते. आणि माल उचलायच्या होइस्टमधून माणसं वर-खाली करायची नाहीत, मग रिमोट कितीही चांगला असो.

प्रोजेक्ट करायचा असेल तर टेबलावर १२ व्होल्टची मोटर आणि दोन किलोचं वजन घेऊन मॉडेल करा. खऱ्या होइस्टला मात्र कंपनीचा इंडस्ट्रियल सेटच हवा, तोही जाणकार इलेक्ट्रिशियनने मेन सप्लाय बंद करून जोडलेला.

आणि व्हायव्हात कुणी विचारलं की रिमोटचं मुख्य काम काय, तर 'होइस्ट चालवणं' असं सांगू नका. 'होइस्ट थांबवणं' असं सांगा!