दोन कण्यांची नौका

इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टल चॅनेलच्या वरच्या भागात उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत १२ मीटरांहून अधिक अंतर पडते. सकाळी जेथे नौका तरंगते, तेथे दुपारी चिखल उघडा पडतो. अशा किनाऱ्याने मुलाबाळांसह हिंडणाऱ्या कुटुंबाची शिडाची नौका कशी असावी?

नौकेच्या तळापासून पाण्यात उतरलेले जे जड पाते असते, त्यास तिचा कणा म्हणतात. वारा बाजूने लोटू लागला म्हणजे कणा नौकेस आडवी सरकू देत नाही, व त्याचे वजन कललेल्या नौकेस पुन्हा सरळ करते. कणा एकच व खोल असेल, तर नौका वाऱ्याच्या रोखाकडे चांगली चढते. परंतु पाणी ओसरताच ती कुशीवर पडते. भरती परतली असता ती सावरण्यापूर्वीच पाणी आत शिरण्याचे भय असते. आत निजलेल्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

जॅक लॉरेंट जाइल्स यांनी आखलेल्या व १९६९ साली निघालेल्या ‘वेस्टर्ली सेंटॉर’ या नौकेस म्हणून दोन आखूड कणे दिले गेले. तिची लांबी सुमारे ७.९ मीटर, पाण्याखालील खोली अवघी ०.९ मीटर. ओहोटीत ती दोन पायांवर उभी राहते. कणे बाहेरच्या बाजूस किंचित फाकलेले असतात. त्यामुळे नौका कलली की खालच्या बाजूचा कणा उभा होऊन अधिक खोल जातो, ही योजना मोठी मार्मिक होय. वेग मात्र थोडा घटतो, कारण पाण्याशी घासणारा पृष्ठभाग वाढतो. कुटुंबांनी हा तोटा पत्करला. १९८० पर्यंत अशा २,४०० हून अधिक नौका बांधल्या गेल्या.

शिक्षकांनी साबणाच्या दोन रिकाम्या डब्या घ्याव्यात. एकीच्या तळास पत्र्याची एक पट्टी व दुसरीच्या तळास दोन पट्ट्या उभ्या चिकटवून त्या परातीतील पाण्यात सोडाव्यात आणि पाणी वाटीने हळूहळू उपसावे. कोणती डबी कलंडेल, हे मुलांकडून आधी वदवून घ्यावे. नंतर एका पट्टीखाली खडा ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा. तळ असा उंचसखल असला म्हणजे कणा जेथे नौकेस जोडलेला असतो तेथे ताण येतो. म्हणून जुन्या सेंटॉर नौका विकत घेणारे प्रथम तोच सांधा तपासतात.