पत्रा आधी, इंजिन नंतर

एमजीबी घ्यायची म्हणणारा माणूस मला हमखास दोन गोष्टी विचारतो: इंजिन कसं असतं आणि गाडी पळते किती. सुरुवात तिथून करायची नसते. मी इंग्लंडमध्ये मिडलँड्सला राहतो. माझ्याकडे १९७० सालची उघडी, दोन माणसांची एमजीबी आहे. ती उभी करताना आणि चालवताना जे कळलं ते लिहितो. पहिला मुद्दा सोडला तर बाकीच्यांचा क्रम बदलला तरी चालेल.

१. पैसे पत्र्यात जातात.

१९६२ मध्ये ही गाडी आली तेव्हा आधीच्या एमजीएसारखी वेगळी चॅसी तिला दिली नव्हती. सगळा भार वेल्ड केलेल्या पत्र्याच्या सांगाड्यावर. त्यात उघड्या गाडीला वर छप्पर नाही, म्हणजे पुढचं आणि मागचं धड जोडून धरायचं काम मुख्यतः दरवाजांखालच्या दोन तुळयांवर येतं. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतली पेटी असे त्याचे थर असतात. पाणी, चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ या पोकळीत जाऊन बसतं, आणि गंज आतून बाहेरच्या दिशेने खात येतो. बाहेर रंगाला फोड दिसला, तर आतलं बरंचसं आधीच गेलेलं असतं.

म्हणून गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मग दरवाजाच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहा, गाडी जॅकवर थोडी उचला आणि पुन्हा पाहा. फट वर आवळत असेल किंवा दरवाजा लागेनासा झाला असेल, तर सांगाड्यात जीव उरलेला नाही. मालक तोपर्यंत बॉनेट उघडून चकचकीत इंजिन दाखवत असतो. दाखवू द्या.

सिल बदलायचे असतील तर जुने कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आडवे दांडे वेल्ड करून घ्यावेत, गाडीचा भार नेहमीच्या जागी राहील असा आधार द्यावा, आणि दर टप्प्याला दरवाजा लावून फट तपासावी. घाई केली तर गाडी मधोमध खचते आणि तशीच कायमची वेल्ड होते. मग तिला कितीही सुंदर रंग लावा, दरवाजा आपटूनच लावावा लागतो. काम फार वाढलं तर अख्खी नवी बॉडी मिळते, हे या गाडीचं नशीब. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे वापरून एमजीबीच्या बॉड्या पुन्हा बनवायला घेतल्या. उत्पादन बंद झालेल्या गाडीची अख्खी बॉडी नवी मिळण्याचं भाग्य फार थोड्या गाड्यांना लाभलं आहे. किंमत अर्थातच पोटात गोळा आणणारी असते, पण चांगल्या वेल्डरच्या मजुरीचा हिशेब मांडला की ती तितकी वेडगळ वाटत नाही.

२. इंजिनाला घाबरू नका, ते आपल्या ओळखीचं आहे.

नागपूरला सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेले माझे मामा इकडे आले होते. मी बॉनेट उघडलं, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अबे, हे तर ॲम्बॅसिडरच आहे ना बे!" ते खरंच बोलत होते. उत्तरपाड्याला वर्षानुवर्षं बनलेल्या ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीज घराण्यातली. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, बाजूला कॅमशाफ्ट, वर पुशरॉड. मामांनी चहा होईपर्यंत फीलर गेज मागून घेतलं, इंजिन गार आहे याची खात्री केली आणि आठही टॅपेट १५ थाऊला, म्हणजे १५ हजारांश इंचाला, बसवून दिले. मॅन्युअल त्यांनी उघडलं नाही, मीच बाजूला उभं राहून आकडे वाचत होतो. पाने मात्र इंची लागतात, ते त्यांना आवडलं. सुताच्या मापात बोलायला कोणीतरी मिळालं म्हणून ते खूश.

१९६४ च्या शेवटी क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली. त्यानंतरचं इंजिन फार दणकट आहे. तेल २०-५० घाला आणि वेळेवर बदला, एवढंच ते मागतं.

३. कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावा.

गाडी धक्के द्यायला लागली की लोकांचा पाना आधी दोन एसयू कार्बोरेटरकडे वळतो, कारण ते समोर दिसतात. पॉइंट, प्लग, टायमिंग आणि टॅपेट ठीक झाल्याशिवाय कार्बोरेटर जुळवणं म्हणजे वेळ घालवणं. एसयूची रचना फार हुशार आहे. इंजिन जितकी हवा ओढेल तितका आतला पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला लटकलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट कमीजास्त करते. पिस्टन बोटाने उचलून सोडला की टक् असा स्पष्ट आवाज यायला हवा. वरच्या नळीत डँपरचं तेल आहे का तेही पाहा. ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि माणसं उगाच जेट बदलत बसतात. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढताहेत का, हे रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावून ऐकता येतं. मोजायचं यंत्र मिळतं, पण नळी स्वस्त पडते.

४. लुकासला शिव्या देण्याआधी अर्थिंग तपासा.

ब्रिटिश गाड्यांचं वायरिंग लुकासचं, आणि लुकासला अंधाराचा राजपुत्र म्हणणं ही इथली जुनी करमणूक आहे. मला हा विनोद अन्यायाचा वाटतो. पन्नास वर्षं ओल खाल्लेल्या जोडण्या, मधल्या मालकांनी चिकटपट्टीने गुंडाळलेले तुकडे, बॉडीला जिथे वायर टेकते तिथला गंज, याला कारखाना काय करणार? दिवा मंद लागला की आधी अर्थिंगचा स्क्रू काढा, खाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, परत घट्ट करा. निम्मी दुखणी तिथेच संपतात. मात्र १९६७ पूर्वीच्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे सवयीने आजकालचा रेडिओ लावला तर तो जळतो.

५. पेट्रोल बघून भरा.

या इंजिनाच्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याने व्हॉल्व्हच्या बैठका झिजायच्या वाचत. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल २००० सालापासून सर्वसाधारण विक्रीतून गेलं, म्हणून हेड उतरवलंच तर कडक बैठका बसवून घ्याव्यात. २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं. ते जुन्या रबराला चालत नाही आणि ओलावा धरून ठेवतं. मी महागडं ५ टक्केवालं भरतो आणि पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे टाकून घेतले आहेत. महाराष्ट्रात पंपावर आता २० टक्के मिश्रण मिळतं. तिकडे जुनी फियाट किंवा एमजी ठेवणाऱ्यांनी पाइपचं काम उद्यावर टाकू नये.

६. ग्रीस.

पुढच्या किंगपिनना दर ३००० मैलांना ग्रीस. तारांच्या चाकांच्या खाचांनाही. बाकी वाद नको.

७. ओरिजिनलचं भूत उतरवा.

१९७४ मध्ये अमेरिकी नियमांसाठी क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी आले आणि गाडी उंच केली. तेव्हापासूनच्या गाड्यांकडे नाक मुरडण्याची पद्धत आहे. उंची वाढल्याने वळणावर ती थोडी झुलते, हे खरं. पण पत्रा चांगला असलेली रबरी बंपरची गाडी, गंजलेल्या क्रोमवालीपेक्षा कधीही घ्यावी. माझ्या गाडीत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे आणि मागचे दिवे प्रखर आहेत, कारण पाठीमागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मी दिसलो पाहिजे. प्रदर्शनात याचे गुण कापतात. कापोत.

चाळीस वर्षांपुढच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला इथे वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. मी तरी दरवर्षी करून घेतो. ब्रेकच्या पाइपचा गंज आपल्या डोळ्यांना सुटतो, परक्याला दिसतो.

८. चालवा, आणि बरोबर येणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

उभी गाडी लवकर बिघडते. ब्रेकचे सिलिंडर अडकतात, सील सुकतात, बॅटरी उतरते. कोरडा दिवस दिसला की बाहेर काढायची, फक्त रस्त्यावर मीठ टाकलेलं नको. ९५ अश्वशक्ती आजच्या हिशेबाने किरकोळ, पण कॉट्सवोल्ड्सच्या दगडी कुंपणांमधल्या रस्त्यांवर तिसऱ्या गिअरमध्ये, सीट जमिनीला टेकल्यासारखी खाली, तिथे चाळीस मैलांचा वेगही भरपूर वाटतो. तिसऱ्या-चौथ्याला ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलं की इंजिन श्वास सोडतं आणि बोलणं ऐकू येतं.

बायकोच्या अटी दोन: जाड स्कार्फ आणि परतीचा रस्ता ठरलेला. पाऊस आला तर छत चढवायची घाई करू नका, असं मी तिला सांगतो. वेगात पाणी काचेवरून डोक्यावरून निघून जातं. ती म्हणते, सिग्नल लागला की काय? सिग्नल लागला की भिजायचं.