व्यसनाची ओळख व उपचारांची पूर्वतयारी

जबलपूर हे कारखान्यांचे व रेल्वेचे शहर आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. पुढे दारूगोळ्याचे व लष्करी वाहनांचे कारखाने उभे राहिले, आणि नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. मराठी कुटुंबांची वस्ती तर नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून आहे. अशा कष्टकरी शहरात दिवसाचे काम संपवून मद्याचा घोट घेणारा मनुष्य दिसला, तर कोणास त्यात विशेष वाटत नाही. त्यामुळेच घोट घेणारा मनुष्य रोगी केव्हा झाला, हे घरच्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. रोग ओळखला गेल्यावरही उपचार घाईने व अज्ञानाने सुरू केल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून ओळख व पूर्वतयारी या दोन्ही गोष्टी सामान्य माणसास माहीत असणे अगत्याचे आहे.

व्यसन म्हणजे काय?

बोलण्याच्या भाषेत पानतंबाखूपासून पत्त्यांपर्यंत सर्वच सवयींना व्यसन म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात या शब्दाचा अर्थ अधिक नेमका आहे. मनुष्य किती पितो, यावरून व्यसन ठरत नाही. पिण्यावर त्याचा ताबा उरला आहे की नाही, यावरून ते ठरते. ‘आज एकच पेला’ असे मनाशी ठरवून बसलेला मनुष्य वारंवार बाटली संपवूनच उठत असेल, तर तो ताबा गेला आहे असे समजावे. मद्य, अफू व तिच्यापासून निघणारी हेरॉइनसारखी द्रव्ये, गांजा, झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे या सर्वांना हाच नियम लागू पडतो.

शरीरात काय घडते?

मेंदूतील काही रासायनिक द्रव्ये मज्जापेशींना शांत करतात, तर काही त्यांना उत्तेजित करतात. निरोगी अवस्थेत ही दोन पारडी समतोल असतात. मद्य शांत करणारे पारडे जड करते. रोज मद्य मिळू लागले म्हणजे मेंदू तोल सावरण्यासाठी उत्तेजक पारड्यात भर घालू लागतो. त्याचा पहिला परिणाम असा की, पूर्वीच्या मात्रेने नशा येईनाशी होते व मात्रा वाढवावी लागते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. मद्य एकाएकी बंद झाले, की एका पारड्यातील वजन नाहीसे होते, पण दुसऱ्यातील भर तशीच राहते. परिणामी सर्व मज्जासंस्था खवळून उठते. हात कापणे, घाम सुटणे, झोप न येणे ही त्या खवळण्याची बाह्य चिन्हे होत. पहाटे मद्याचा घोट घेतल्यावर ती शमतात; म्हणून रोग्यास मद्य हेच औषध वाटू लागते.

ओळखण्याच्या खुणा

पुढील सहा गोष्टींपैकी तीन किंवा अधिक गोष्टी गेल्या वर्षभरात एकत्र आढळल्या, तर वैद्य व्यसनाचे निदान करतात: (१) द्रव्याची अनावर ओढ, (२) आरंभ, मात्रा व शेवट यांवर ताबा नसणे, (३) द्रव्य न मिळाल्यास शारीरिक त्रास होणे, (४) मात्रा वाढवावी लागणे, (५) इतर कामे व आवडी मागे पडणे, (६) अपाय दिसत असूनही सेवन चालू राहणे.

मद्याच्या बाबतीत अमेरिकन वैद्य जॉन युइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार प्रश्न घरोघर उपयोगी पडण्यासारखे आहेत. पिणे कमी करावे असे कधी वाटले काय? त्याबद्दल कोणी बोलले असता राग आला काय? मनास अपराधी वाटले काय? सकाळी उठताच घ्यावे लागले काय? यांपैकी दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे आल्यास वैद्याचा सल्ला घेण्याची वेळ आली असे मानावे.

अफूवर्गीय द्रव्यांची चिन्हे निराळी असतात. द्रव्य घेतले असता डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, पेंग येते व बद्धकोष्ठ होतो. द्रव्य न मिळाल्यास बाहुल्या विस्फारतात, जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात व हाडे दुखतात. मात्र एकट्यादुकट्या चिन्हावरून कोणास दोषी ठरवू नये. मधुमेह, थायरॉइडचे विकार व मनोविकार यांतही काही चिन्हे सारखीच दिसतात.

एकाएकी सोडण्यातील धोका

नर्मदेकाठच्या या प्रदेशात नर्मदेचे जल हातात घेऊन केलेली प्रतिज्ञा मोठी मानली जाते. ग्वारीघाटावर दारू सोडण्याची शपथ घेणाऱ्याचा निश्चय खरा असतो, आणि निश्चयावाचून कोणताही उपचार सफल होत नाही. परंतु शपथ मनाला बांधते. मज्जापेशींना ती बांधू शकत नाही. वर्षानुवर्षे रोज पुष्कळ मद्य घेणाऱ्याने ते एका दिवसात बंद केले, तर सुमारे सहा ते आठ तासांत कंप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दोन ते तीन दिवसांनी काहींना वातभ्रम होतो: रोग्यास नसलेल्या वस्तू दिसतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप व नाडी वाढते. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू ओढवतो. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

हा मृत्यू टाळता येण्याजोगा आहे. वैद्य शामक औषध योग्य मात्रेत देऊन ते काही दिवसांत क्रमाक्रमाने कमी करतात. थायामिन हे जीवनसत्त्वही देतात. त्याच्या अभावी मेंदूस कायमची इजा होऊ शकते. म्हणून झटके, भ्रम किंवा पूर्वी कधी असे झाल्याचा इतिहास असेल, तर रोग्यास घरी कोंडून न ठेवता थेट रुग्णालयात न्यावे.

अफूवर्गीय द्रव्ये सोडताना होणारा त्रास असह्य असला, तरी त्याने सहसा मृत्यू येत नाही. येथे धोका नंतर असतो. काही आठवडे द्रव्य न घेतल्यास शरीराची सहनशक्ती उतरते. त्या स्थितीत जुनीच मात्रा घेतल्यास श्वास बंद पडतो. उपचार घेऊन परतलेल्या रोग्याच्या घरच्यांनी ही गोष्ट कधीही विसरू नये.

पूर्वतयारी

प्रथम बोलणे. ते रोगी शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळी व मुलांच्या माघारी व्हावे. ‘तुम्ही घर बुडवलेत’ या वाक्याने दार बंद होते, ‘तुमचे हात कापतात, मला काळजी वाटते, आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ या’ या वाक्याने ते किलकिले तरी होते.

दुसरी गोष्ट माहितीची टिपणे. कोणते द्रव्य, किती, किती वर्षे, शेवटचे केव्हा घेतले. पूर्वी सोडताना काय झाले. कावीळ, क्षय, मधुमेह आहे काय. कोणती औषधे चालू आहेत. कधी आत्महत्येचे विचार बोलून दाखवले काय. हे सर्व एका कागदावर लिहावे. लाजेपोटी मात्रा कमी सांगितल्यास औषधाचीही मात्रा चुकते.

तिसरी गोष्ट स्थळाची निवड. जबलपूर येथे १९५५ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या मानसोपचार विभागात प्रथम तपासणी करून घेणे श्रेयस्कर. खाजगी केंद्र निवडताना विचारावे: केंद्राची नोंदणी आहे काय? डॉक्टर रोज येतात काय? नातलगांना भेटू देतात काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित विकारांचा समावेश आहे, आणि रोग्यास साखळीने बांधण्यास त्या कायद्याने सक्त मनाई केली आहे. जेथे मारहाण हाच उपचार मानला जातो, तेथे रोग्यास ठेवू नये. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावरून विनामूल्य सल्ला मिळतो.

चौथी गोष्ट प्रपंचाची व्यवस्था. कामावरील रजा, कर्जाचे हप्ते, मुलांची शाळा यांची तजवीज आधीच करावी, म्हणजे ‘घरी अडले आहे’ या सबबीने उपचार अर्धवट सुटत नाहीत. मात्र भरतीच्या दिवसापर्यंत पिणे आपल्या मनाने तोडू नये व वाढवूही नये. त्याबाबत डॉक्टर सांगतील तसेच वागावे.

उपचारानंतर

शरीरातील द्रव्य उतरणे हा उपचाराचा केवळ आरंभ होय. त्यापुढे जगण्याची रीत बदलावी लागते. मराठी मुलखात याचे परिचित उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. औषधोपचाराबरोबर समूहचर्चा, श्रम, कुटुंबीयांचे मार्गदर्शन व नंतरचा पाठपुरावा यांवर तेथे भर दिला जातो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या व आता भारतातही चालणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या मंडळांचा अनुभवही हाच आहे की, एका रोग्यास दुसऱ्या बऱ्या झालेल्या रोग्याची सोबत फार मोलाची ठरते.

पुन्हा पिणे घडले, तर उपचार वाया गेले असे समजू नये. मधुमेही मनुष्याची साखर वाढली असता त्यास कोणी घराबाहेर काढीत नाही. औषध व पथ्य पुन्हा तपासले जाते. येथेही तसेच करावयाचे असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी सुमारे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या घरी रोग बहुधा रोजच दिसत असतो. त्यास रोग म्हणून ओळखणे व वैद्याकडे नेण्याची तयारी करणे, हे काम घरच्यांनीच प्रथम हाती घ्यावयाचे आहे.