पिल्लू घरी आणताना

मुलांनो, पॉमेरेनियन व गावठी कुत्रा यांचे संकरित पिल्लू तुम्ही पाहिले आहे का? ते बहुधा लहान चणीचे असते.

पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नका. स्वच्छ डोळ्यांचे, हाक मारताच धावत येणारे पिल्लू निवडा. ३ महिन्यांचे झाले, की त्याला रेबीजची लस टोचून घ्या. कांदा, द्राक्षे, चॉकलेट देऊ नका. ते त्याला बाधते.

पिल्लू चावले, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.

असा कुत्रा १२ ते १५ वर्षे जगतो. आज तुम्ही शाळेत आहात. तो म्हातारा होईल, तेव्हा तुम्ही नोकरी करत असाल. तेव्हाही त्याला सांभाळाल ना? मग खुशाल पिल्लू आणा.